अस्वलांच्या मुलखांत कमरेचें शस्त्र
[नभोवाणीवरून झालेलें भाषण]



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. उभ्या आयुष्यांत खडूखेरीज दुसरें हत्यार हातीं न धरलेला एक पेन्शनर शिक्षक पिस्तुलाची निवड कशी करावी हें सांगूं लागला तर हंसूं यावयाचेंच. पण हा विषय मी शोधीत गेलों नाहीं. तो आपल्या पायांनीं माझ्या दारीं आला. माझा एक जुना विद्यार्थी गेलीं बारा वर्षें अमेरिकेंत इंजिनियर आहे व आतां तेथील कायमचा रहिवासी झाला आहे. कचेरींतील मित्रांच्या संगतीनें त्याला शिकारीचा नाद लागला. येत्या हंगामांत तो माँटाना राज्यांतील डोंगरांत एल्कच्या शिकारीस जाणार आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचें, पण त्याहून थोराड असें हरिण. त्याच डोंगरांत ग्रिझली अस्वलें आहेत. मित्रांपैकीं एक म्हणतो, खांद्यावर रायफल असली तरी कमरेला पिस्तूल हवेंच. दुसरा म्हणतो, घ्यावयाचें तर बाजारांतलें सर्वांत दांडगें घे. इतकें वृत्त त्यानें आईला कळविलें आणि ती माउली नागपुराहून माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमचं तो ऐकतो. जाऊंच नको म्हणून सांगा त्याला."

चाळिशीला आलेल्या माणसाला "जाऊं नको" असें लिहिण्यांत अर्थ नसतो. म्हणून मीं तिकडचे कांहीं अहवाल मिळविले आणि कोश शेजारीं ठेवून वाचले. त्यांतून जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवतों. हें सारें त्या देशापुरतें आहे हें मात्र ध्यानांत असूं द्यावें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली आहे. अमेरिकेला लागून असलेल्या कॅनडांतसुद्धां परक्या शिकाऱ्याला अस्वलाच्या भीतीनें पिस्तूल बाळगतां येत नाहीं.

अमेरिकेंत शिकाऱ्याला बहुधा दोन जातींचीं अस्वलें भेटतात. काळें अस्वल आकारानें लहान व सहसा माणसापासून दूर पळणारें. दुसरें तपकिरी, डोंगराळ प्रदेशांत राहणाऱ्या याच जातीला ग्रिझली म्हणतात. अलास्कांत तपकिरी अस्वलें सुमारें ३०,००० आहेत. खालच्या ४८ राज्यांत मिळून जेमतेम २,०००, आणि तींहि मुख्यतः माँटाना, वायोमिंग व आयडाहो येथें. यलोस्टोनच्या बाजूचा भरलेला नर ३०० किलोंपर्यंत जातो. अलास्कांतील कोडियाक बेटावरचा त्याच्या दुप्पट भरतो. असला देह तासाला ५६ किलोमीटरांच्या वेगानें धांवूं शकतो. पांचवीच्या वर्गाला घालावें असें हें गणित आहे: तीस मीटरांवरच्या झुडपांतून तो निघाला तर आपल्यापाशीं पोंचावयास त्याला दोन सेकंद लागतात.

खालच्या राज्यांतील ग्रिझलींना १९७५ पासून कायद्याचें संरक्षण आहे. म्हणजे तेथें पिस्तूल बाळगावयाचें तें अस्वल मारण्यासाठीं नव्हे. जीव वांचविण्याचा दुसरा मार्ग उरला नाहीं तर. शिकारींत वेळ शिकारी ठरवितो, अंतर तो ठरवितो. येथें दोन्ही अस्वल ठरवितें.

आतां कोणी विचारील कीं, हातांत रायफल असलेल्या माणसाला आणखी पिस्तूल कशाला? याचें उत्तर शिकार पडल्यानंतरच्या दोनचार तासांत आहे. तीनशे किलोंचें जनावर डोंगरावरून एकट्यादुकट्याला ओढून आणतां येत नाहीं. तें जागच्या जागीं सोलावें लागतें, त्याचे चार भाग करावे लागतात, मग एकेक भाग पाठीवर वाहून आणावा लागतो. या वेळीं दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तांत, डोळे सुरीकडे, पाठ जंगलाकडे आणि रायफल झाडाला टेकवलेली. भोंवतीं ताज्या आतड्यांचा वास सुटलेला. हा काळ शरद ऋतूचा. हिंवाळी झोंपेपूर्वीं अंगांत चरबी सांठविण्यासाठीं ग्रिझली दिवसाचे वीस वीस तास खाण्याच्या शोधांत असते. शिवाय रानांतून पायीं जाणाऱ्यांना तेथील वनखातें जें सांगतें, म्हणजे बोलत चला, टाळ्या वाजवा, पहाटे व सांजवेळीं फिरूं नका, त्याच्या नेमकें उलट शिकाऱ्याला करावें लागतें. तो आवाज न करतां, वाऱ्याच्या उलट, पहाटे व सांजवेळींच फिरतो.

येथें मला चाळीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवते. त्या वेळीं मी गडचिरोलीकडच्या एका गांवीं शाळेवर होतों. मोहफुलें वेंचण्याच्या दिवसांत एका विद्यार्थ्याच्या बापाला अस्वलानें धरलें. आपलें अस्वल ग्रिझलीच्या मानानें लहान, पण तोंडावर येतें आणि चेहरा ओरबाडून काढतें. तो माणूस वांचला. एक डोळा गेला. पुढें बरा झाल्यावर मीं त्याला मास्तरी शहाणपणानें विचारलें, "अरे, कुऱ्हाड नव्हती का जवळ?" तो म्हणाला, "खांद्यावरच होती गुरुजी, पण उतरवाले वेळच नाई भेटला."

अमेरिकेंतील अहवाल वाचतांना पदोपदीं मला तो माणूस दिसत होता. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांचे सहकारी यांनीं १८८३ ते २००९ या काळांतील अलास्कांतल्या २६९ प्रसंगांचा अभ्यास २०१२ मध्यें प्रसिद्ध केला. या सर्व प्रसंगांत माणसापाशीं बंदूक किंवा पिस्तूल होतें. पिस्तूलवाल्यांना शेंकडा ८४ वेळां यश आलें, लांब नळीच्या बंदुकवाल्यांना शेंकडा ७६ वेळां. यावरून पिस्तूल रायफलीहून श्रेष्ठ असा निष्कर्ष कोणी काढूं नये; पिस्तुलाचे प्रसंग अवघे सदतीस होते. खरें शिकण्यासारखें आहे तें अपयशाच्या कारणांत. पहिलें कारण, शेंकडा २७ वेळां, हत्यार उचलावयास वेळच मिळाला नाहीं. त्याखालोखाल, शेंकडा २१ वेळां, तें जवळ असून वापरलेंच गेलें नाहीं. मग हत्यार अडकणें १४. मग अस्वल फार जवळ आलेलें असणें आणि नेम चुकणें, प्रत्येकीं ९. गोळी लहान पडली ही तक्रार, जिच्यावर शिकारी मित्र रात्र रात्र वाद घालतात, या पहिल्या कारणांत कोठेंच नाहीं.

तरी शक्तीचा विचार अजिबात सोडून चालत नाहीं, म्हणून तो थोडक्यांत सांगतों. गोळीचा जोर फूट-पौंडांत मोजतात. पोलिसांजवळ असतें तसल्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा जोर साडेतीनशे ते चारशे. ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा सुमारें नऊशे ते हजार. हरिणाच्या शिकारीच्या साध्या रायफलीचा अडीच ते तीन हजार. म्हणजे पिस्तूल केवढेंहि घेतलें तरी सामान्यतः तें रायफलीची बरोबरी करीत नाहीं. ४४ मॅग्नम १९५५ च्या सुमारास निघालें. एल्मर कीथ या आयडाहोच्या शिकारी लेखकाच्या आग्रहामुळें स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनीं तें बाजारांत आणलें, आणि १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटानें तें घरोघर पोंचविलें. २००३ मध्यें त्याहि पुढें जाऊन ५०० मॅग्नम निघालें. त्याचा जोर अडीच हजारांवर जाऊं शकतो, पण लांब नळीच्या नमुन्याचें वजन दोन किलो आणि धक्का असा कीं दुसरी गोळी झाडण्यापूर्वीं नळी आभाळाकडे गेलेली असते. माझ्या विद्यार्थ्याचा दुसरा मित्र याचीच शिफारस करीत होता. दोन किलोंचें लोखंड पहिल्या दिवशीं कमरेला असतें, दुसऱ्या दिवशीं पिशवींत जातें आणि तिसऱ्या दिवशीं तंबूंत राहतें, हें शाळेच्या सहलींना मुलें नेणाऱ्या कोणासहि समजेल.

गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ लोक दहा मिलिमीटरच्या स्वयंचलित पिस्तुलाकडे वळले आहेत. ग्लॉक २० या नमुन्यांत पंधरा गोळ्या राहतात व भरलेलें वजन सव्वा किलोच्या आंत असतें. ग्रीनलंडमध्यें कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारें डेन्मार्कचें सिरियस पथक पांढऱ्या अस्वलांसाठीं हेंच जवळ बाळगतें. रिव्हॉल्व्हरच्या बाजूनें एक मुद्दा मात्र खरा आहे. अस्वल अंगावर आलें आणि नळी त्याच्या अंगांत रुतली तर स्वयंचलित पिस्तुलाचा वरचा भाग मागें ढकलला जाऊन तें मुकें होऊं शकतें. रिव्हॉल्व्हर तशा स्थितींतहि उडतें. उलट त्यांत गोळ्या पांच किंवा सहाच. दोन्ही बाजू ऐकून माझें मत असें झालें कीं, ज्याचा हात ज्यावर बसला आहे तें त्यानें घ्यावें. २०१६ मध्यें अलास्कांतील एका मुरब्बी मार्गदर्शकानें आपल्या पाहुण्यांवर चालून आलेलें तपकिरी अस्वल साध्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलानें मारलें. तें पिस्तूल सर्वोत्तम होतें असें तोहि म्हणणार नाहीं. पण तें त्याच्या अंगावर होतें आणि आंत गोळी बरोबर घातलेली होती.

गोळीची बरोबर निवड ही पिस्तुलाच्या निवडीहून महत्त्वाची आहे, आणि नवखा नेमका येथेंच चुकतो. माणसांपासून संरक्षणासाठीं विकल्या जाणाऱ्या गोळीच्या टोंकाला पोकळी असते. लागतांच ती फुलाप्रमाणें उमलते व थोड्या खोलीवर थांबते. अस्वलाच्या बाबतींत ती खोली चरबींत व स्नायूंतच संपते. त्याला हवी कठीण शिशाची, सपाट तोंडाची, न उमलतां हाडापलीकडे जाणारी गोळी. दुकानांत दोन्ही एकाच फळीवर असतात.

आतां पिस्तूल ठेवावयाचें कोठें? भाषणाच्या मथळ्यांत मीं "कमरेचें शस्त्र" म्हटलें, पण तिकडचे जाणते तें कमरेला लावीतच नाहींत. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा कमरेवर येतो आणि त्याखालीं पिस्तूल दबतें. म्हणून छातीवर तिरकें बसणारें चामड्याचें किंवा प्लास्टिकचें म्यान वापरतात. पिशवी घातली काय, काढली काय, तें जागचें हालत नाहीं. २०१८ च्या सप्टेंबरांत वायोमिंगमध्यें घडलेली दुःखद घटना याच मुद्द्याची आहे. एक मार्गदर्शक व त्याचा पाहुणा मारलेलें एल्क सोडवीत असतां ग्रिझली चालून आली. मार्गदर्शकाचें दहा मिलिमीटरचें पिस्तूल कांहीं अंतरावर सामानापाशीं ठेवलेलें होतें. पाहुण्यानें तें उचललें, पण त्याला तें चालवितां आलें नाहीं; त्यानें तें मार्गदर्शकाकडे फेंकलें, तेंहि पोंचलें नाहीं. मार्गदर्शक त्यांत गेला. पिस्तुलांत कांहींच उणें नव्हतें. प्रतिबंधक फवाराहि त्या मनुष्याच्या कमरेला होता, हें सांगावयास हवें. कोणतेंच साधन हमी देत नाहीं.

या फवाऱ्याविषयीं दोन शब्द. मिरचीचें तिखट द्रव्य दाबानें भरलेलें हें नळकांडें असतें; आठनऊ मीटरांपर्यंत त्याचा ढग जातो. त्याच संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासांत तपकिरी अस्वलांवर तो शेंकडा ९२ वेळां उपयोगी पडला आणि तो बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा ९८ माणसांना इजा झाली नाहीं. ९२ आणि ८४ हे आंकडे शेजारीं मांडून फवाऱ्याची सरशी झाली असें सांगणारे लोक आहेत, पण तें बरोबर नाहीं. दोन्ही अभ्यासांतील प्रसंग सारखे नाहींत. फवाऱ्याच्या यादींत केवळ कुतूहलानें जवळ आलेलीं अस्वलेंहि पुष्कळ आहेत. वारा उलटा असला तर तिखट आपल्याच डोळ्यांत. तरीहि ज्याला पिस्तुलाचा सराव नाहीं त्याला फवाराच बरा, असें मला वाटतें. त्याचा ढग रुंद असतो, नेम थोडा चुकला तरी भागतें; आणि धांवून येणारें अस्वल पुष्कळदां नुसती हूल देत असतें, त्याला गोळीनें जखमी करणें म्हणजे हुलीचें खऱ्या हल्ल्यांत रूपांतर करणें होय. कांहीं शहाणे लोक ढेंकणाच्या औषधासारखा तो तंबूवर मारून ठेवतात. वाळलेल्या तिखटाचा वास अस्वलांना उलट जवळ ओढतो, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

अस्वल मारलें गेलें तर काम तेथें संपत नाहीं. अलास्कांत कातडें नखांसह व कवटी काढून सरकारजमा करावी लागते आणि पंधरा दिवसांत लेखी निवेदन द्यावें लागतें. माँटानांत ग्रिझली संरक्षित असल्यामुळें चौकशी होते, आणि जीव खरोखर धोक्यांत होता हें पटवून द्यावें लागतें.

हें सारें मीं त्याला सविस्तर लिहिलें. शेवटीं विचारलें: छातीवरून पिस्तूल काढून पांच पावलांवरच्या ताटाएवढ्या खुणेवर दोन सेकंदांत दोन गोळ्या तुला मारतां येतात काय? येत नसतील तर हंगामापूर्वीं किती महिने सराव करणार आहेस? आणि एल्क सोलतांना पाठीला पाठ लावून, हातांत सुरी न घेतां, नुसता जंगलाकडे बघत उभा राहील असा सोबती आहे काय?

आठ दिवसांनीं उत्तर आलें. पहिल्या प्रश्नाला "नाहीं" असें त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें होतें. यंदा तो फवारा छातीवर घेऊन जाणार आहे. पिस्तूल त्याच्या पहिल्या मित्राजवळ राहील, त्याला वीस वर्षांचा सराव आहे, आणि सोलण्याच्या वेळीं पहारा तोच करील. सराव आपण सुरूं केला आहे, पुढच्या वर्षीं पाहूं, असेंहि खालीं लिहिलें होतें. मीं तें पत्र त्याच्या आईला वाचून दाखविलें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "फवारा कसला म्हणालात, मिरचीचा? मग इथून भिवापुरी पाठवूं का?" विमानांत तो नेऊं देत नाहींत, तिकडेंच विकत मिळतो, असें मीं तिला सांगितलें.