कट, सोल, चिकटव!

नवा फ्लॅट, तोही भाड्याचा. दारावर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव. आणि घरमालकाची पहिली अट, 'खिळे ठोकायचे नाहीत हं!' गंगापूर रोड असो की इंदिरानगर, नाशिकमधल्या नोकरदार यंगस्टर्सची ही कॉमन स्टोरी. मग आपलं नाव लावायचं कसं? उत्तर आहे व्हिनाइल! म्हणजे मागून गोंद असलेली रंगीत, पातळ प्लास्टिक शीट. ती कापायला आता टेबलावर मावणारं, प्रिंटरसारखं दिसणारं मशीन मिळतं. क्रिकट आणि सिल्हूएट ही त्यातली फेमस नावं.

घाबरू नका, हा प्रकार तुम्ही लहानपणापासून पाहताय. गाडीवर 'आईचा आशीर्वाद' चिकटवून देणारा रेडियमवाला आठवतो? (त्या रेडियममध्ये रेडियम नसतं, बरं का!) त्याच्या दुकानातलं मशीन आणि हे घरचं मशीन, दोघांचा फंडा एकच. शाईच्या जागी बारीक पातं. ते व्हिनाइल कापतं, खालचा कागद मात्र शाबूत ठेवतं. मग नको असलेला भाग सोलायचा, वरून ट्रान्सफर टेप लावून अक्षरं उचलायची आणि हव्या त्या जागी दाबून बसवायची. बस्स!

सुरुवात स्वयंपाकघरातून

पहिल्याच दिवशी भिंतभर झाड कापायला जाऊ नका. रवा, पोहे, साखर, मीठ अशी डब्यांची लेबलं करा. आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून पाहा. तो सहज सुटला आणि कागद चिरला नाही, तर पात्याचा दाब बरोबर. डबा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात तर दमटपणा हमखास घात करतो. आणि कपावर डिझाइन लावणार असाल तर ओठ लागतात ती कड सोडा.

मराठी नावाची गंमत

आता खरी मजा, दारावरची पाटी. इंग्रजी नावाचं प्रत्येक अक्षर सुटं असतं, एकेक सांभाळत बसा! मराठी नावाला मात्र शिरोरेषा बांधून ठेवते. 'सानिका' अख्खं एका तुकड्यात उचललं जातं. पण एक गोम आहे. कॉम्प्युटरमध्ये ही अक्षरं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. तशीच कापली तर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा तुटते.

उपाय सोपा. इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मुक्त किंवा बलू या युनिकोड फाँटमध्ये नाव टाइप करा. हे दोन्ही फाँट मुंबईच्या एक टाइपचे, तेही फुकट. मग अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करून 'युनियन' द्या. झालं नाव एकसंध! तरी 'चंद्रकांत'चे दोन अनुस्वार सुटेच राहतात, सोलताना ते कचऱ्यात जायला वेळ लागत नाही. बऱ्याच फाँटमध्ये 'ध' आणि 'भ' आले की शिरोरेषेत फट पडते, म्हणून 'माधव'चे दोन तुकडे होऊ शकतात.

पाटीवर दोघांची नावं हवीत की तिघी रूममेट्सची, आडनाव हवं की नको, हे ठरवणारे तुम्ही. रूममेट बदलली? फक्त तिचं नाव सोला! त्यासाठी ओराकल 631सारखं निघणारं व्हिनाइल घ्या. 651 हे टिकाऊ, उन्हापावसात राहणारं. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र दोन्ही नकोत. एक तर चिकटत नाहीत, नाहीतर निघताना रंग घेऊन येतात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात! दाराचं लॅमिनेट किंवा काच बेस्ट.

टी-शर्टही होईल

अंजनेरीच्या ट्रेकला ग्रुपचे टी-शर्ट हवेत? त्यासाठी उष्णतेने चिकटणारं वेगळं व्हिनाइल असतं. ते उलटं, आरशातल्यासारखं कापायचं. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, आणि घासायची नाही, दाबून धरायची.

फक्त गाडीच्या नंबर प्लेटच्या वाटेला जाऊ नका. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. जुन्या गाड्यांनाही महाराष्ट्रात तीच लागते.

शेवटचा सल्ला खिशाचा. मशीनची किंमत चांगल्या स्मार्टफोनएवढी, शिवाय पाती आणि मॅटचा खर्च वेगळा. म्हणून आधी स्वतः केलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जवळच्या रेडियमवाल्याकडे जा. कटिंग त्याच्याकडून करून घ्या, सोलणं आणि चिकटवणं घरी. महिन्याभरात चार वेळा चक्कर झाली, तर मशीनचा विचार करा. नाहीच झाली, तरी दारावर नाव तर लागलं ना!

आपल्याकडे भांडी बाजारात भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, 'नाव काय घालायचं?' घर भाड्याचं असलं तरी तोच प्रश्न या वीकेंडला स्वतःला विचारून बघा.