वीतभर फुलाचा कॅक्टस

"हे फूल खरं आहे का गं?" शेजारच्या काकूंनी काल माझ्या कॅक्टसच्या पाकळ्या चाचपून विचारलं. खरंच आहे!

हा एकिनॉप्सिसचा संकर; मूळ दक्षिण अमेरिकेतलं. कळी आधी लोकरीचा गोंडाच वाटते. फूल १५ सेंटिमीटरपर्यंत मोठं होतं, पण टिकतं जेमतेम एक-दोन दिवस.

आमच्या शेळगावच्या कोरड्या हवेत तो मजेत वाढतो. आपली काळी माती मात्र नको. पाणी धरते, मुळं कुजतात. जाड वाळू, बारीक खडी आणि थोडं गांडूळखत पुरे.

थंडीत पाणी जवळपास बंद ठेवा, म्हणजे पुढे कळ्या चांगल्या धरतात. पावसाळ्यात आडोसा, मे महिन्यात दुपारी शेडनेट.

बुडाशी आलेलं पिल्लू काढलं, की कापलेला भाग आठवडाभर सावलीत सुकवा, मगच कुंडीत लावा.

काही अडलं तर बिनधास्त विचारा!