एक दांडा, चार कामं

बालमित्रांनो, परवा वर्गात साध्या यंत्रांचा पाठ चालू होता. "घरात कोणती यंत्रं आहेत, सांगा पाहू!" असं मी विचारलं. कुणी अडकित्ता म्हणालं, कुणी विळी. एकजण उठून म्हणाला, "बाई, आमच्याकडे खिमा यंत्र आहे. आई त्यातच पुरणही वाटते."

झालं! अर्धा वर्ग हसला, काहींनी नाकं मुरडली. तो बिचारा मान खाली घालून बसला. मला मात्र त्याच्या आईचं कौतुक वाटलं. का, ते सांगते.

दुसऱ्या दिवशी मी माझं यंत्र शाळेत नेलं. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, बिडाचं, हाताने फिरवायचं. माझ्या घरी ते फक्त डाळींसाठी वापरतात. त्याचे भाग सुटे केले आणि एकेक दाखवला. लांब दांडा, म्हणजे थोड्या जोरात जास्त काम. आतलं जाड मळसूत्र, म्हणजे गोल गुंडाळलेली उतरणच! दांडा फिरला की ते माल पुढे ढकलतं. आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जाणारा पाणी उपसायचा स्क्रू असाच चालतो. पुढे चार धारांचं पातं, म्हणजे पाचर. शेवटी भोकांची जाळी. बघा, एका यंत्रात तीन साधी यंत्रं!

आता कामं मोजा.

पहिलं, खिमा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात रमजानच्या दिवसांत शामी कबाब होतात. त्यात मटण आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून वाटतात. म्हणजे डाळ आणि मटण तिथे आधीच शेजारी आहेत!

दुसरं, वड्यांची डाळ. चार-पाच तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ मोठ्या भोकांच्या जाळीतून काढा. मिक्सरमध्ये पाणी घालावं लागतं आणि पीठ सैल होतं. इथे पाणी नको, वडे कुरकुरीत होतात.

तिसरं, कुरडयांचा गहू. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक काढतात.

चौथं, पुरण. डाळ-गूळ शिजवून गरम असतानाच बारीक जाळीतून काढा. गार झालं की घट्ट होतं आणि दांडा फिरवताना दंड भरून येतात.

उन्हाळ्यात बाजेला बांधतात ते शेवयांचं यंत्र याचंच भावंडं. त्यातही मळसूत्र आणि जाळी असते. कापायचं काही नसतं, म्हणून पातं नसतं.

पण नियम पाळायला हवेत. तोंडात बोट कधीही घालायचं नाही! माल लाकडी दट्ट्यानेच ढकलायचा. यंत्र लावताना मोठं माणूस जवळ हवंच. हाडं किंवा कोरडं धान्य घालू नका. मटण दळलं की त्याच्या पृष्ठभागावरचे जंतू सगळ्या खिम्यात मिसळतात, म्हणून खिमा लगेच आणि पूर्ण शिजवायचा. मटणाला एक आणि डाळीला दुसरं यंत्र असेल तर उत्तम. एकच असेल तर सगळे भाग साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढा. नंतर कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर बिडाला गंज चढतो. आत अडकलेला माल काढायला शेवटी शिळ्या पावाचा तुकडा घाला.

मग मी म्हटलं, "आता हे पुन्हा जोडा." चार जणांनी प्रयत्न केला. यंत्र फिरलं, पण डाळ नुसती चेंगरून लगदा झाला. तेव्हा तो कालचा मुलगा हळूच पुढे आला. त्याने पातं काढलं, उलटं केलं आणि त्याची सपाट, धारदार बाजू जाळीकडे करून बसवलं. दांडा फिरवला आणि डाळीच्या सुबक शेवया पडू लागल्या!

"आई असंच लावते," तो म्हणाला. कालचे हसणारे आता दांडा फिरवायला रांगेत उभे होते.

मुलांनो, तुमच्या घरी असं यंत्र असेल तर आईला विचारा, ती त्यात काय काय करते. आणि एक काम तुम्हीच करा. मुलगा असो की मुलगी, येत्या सणाला पुरणाचा दांडा आईच्या हातातून तुमच्या हातात घ्या!