दोन पेले शेजारी ठेवून

आपल्या घरात चहा चांगला झाला म्हणजे आले नीट उतरले, साखर बेताची पडली आणि दुधाने दगा दिला नाही. पत्तीची चव कशी होती, हे सहसा कोणी विचारत नाही. ऊलाँग आणि पूएर हे चिनी चहा दूध-साखरेशिवाय प्यायचे असल्यामुळे तिथे पत्तीला लपायला जागा नसते. तरीही पहिल्यांदा पिणारा घोट घेऊन म्हणतो, ‘कोरा चहा आहे, बरा आहे.’ यात जिभेचा काही दोष नाही. समोर एकच चहा असला की ताडून पाहायला काही नसते. दोन वेगळे चहा शेजारी ठेवले, की तीच जीभ तिसऱ्या घोटाला ‘हा तुरट, तो गुळचट’ असे सांगू लागते. म्हणून घरी चव घ्यायची ती जोडीने. ती कशी, ते पाहू.

आधी पत्तीची ओळख

चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. चहाच्या पानाचेही तसेच आहे. पान चुरगळले, कडेला दुखावले, की हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते तांबूस होऊ लागते. हिरव्या चहात पानाला लगेच उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात, काळ्या चहात ती पुरती होऊ देतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला. पाने सुकवून बांबूच्या सुपांत पुन्हा पुन्हा हलवतात, त्याने कडा दुखावतात, आणि हवा तेवढा रंग-वास आला की तापवून क्रिया रोखतात. कुठे रोखायचे हे करणाऱ्याच्या हातात असल्यामुळे ऊलाँगचे रूप एक नाही. फूच्येन प्रांतातल्या आन्शीचा थिएग्वानयिन हल्ली बहुधा हलका करतात. त्याच्या हिरवट, घट्ट गुंडाळलेल्या गोळ्या असतात आणि वास फुलांचा. त्याच प्रांतातल्या वूयी डोंगरांतला चहा लांब, पिळदार, काळपट आणि कोळशावर भाजलेला. तैवानचा पारंपरिक डोंगडिंग या दोहोंच्या अधेमधे बसतो.

पूएर येतो दक्षिणेकडच्या युन्नान प्रांतातून, मोठ्या पानाच्या वाणापासून. वनस्पतिशास्त्रात त्या वाणाचे नावच ‘आसामिका’. म्हणजे आपल्या डब्यातल्या आसामी चहाचा हा भाऊबंदच. पाने कढईत परतून, मळून, उन्हात वाळवतात, मग वाफ देऊन दाबून त्यांच्या वड्या करतात. पारंपरिक गोल वडी ३५७ ग्रॅमची आणि सात वड्यांचा एक गठ्ठा. अशी वडी ‘शंग’, म्हणजे कच्ची. ती वर्षानुवर्षे ठेवली की हळूहळू मुरते. एवढे थांबायला वेळ नाही म्हणून १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात वेगळी रीत बसवली गेली. पत्तीचा ढीग करून त्यावर पाणी शिंपडायचे, तो झाकायचा आणि मधूनमधून खालीवर करायचा. सूक्ष्म जीवांच्या कामाने ढीग आतून तापतो आणि दीड-दोन महिन्यांत पत्ती गडद होते. हा ‘शू’, पिकवलेला. शंग झाडावर ठेवलेल्या आंब्यासारखा, तर शू अढीत घातलेला.

मांडणी

जोडी लावायची तर बाकी सगळे सारखे हवे, नाहीतर तुलना चहाची न होता आपल्या हाताची होते. चमच्याने मोजू नका. एक चमचा गोळीदार ऊलाँग आणि एक चमचा पिळदार वूयी यांच्या वजनात मोठा फरक पडतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. दोन पांढरे, एकाच मापाचे पेले घ्या, रंग त्यातच खरा दिसतो. पाणीही एकच हवे. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि वास दबतो, म्हणून पिण्याचे गाळलेले पाणी बरे.

आणि गाळणी वेगळी ठेवा. हे मी ठेच लागून शिकलो. वूयीचा ‘रौग्वे’ नावाचा चहा आणला होता. नावाचा अर्थच दालचिनी. पहिल्याच घोटाला मसाल्याचा असा झणझणीत वास आला की मी वहीत दोन ओळी खरडल्या. दुसऱ्या पेल्यात साधा थिएग्वानयिन होता. त्यालाही तोच वास. मग लक्षात आले, दोन्ही चहा सकाळच्या आले-वेलदोड्याच्या प्लास्टिकच्या गाळणीतून गाळले होते.

वेळ सकाळी उशिराची निवडा. नाश्ता होऊन तासभर गेलेला असावा, घरात फोडणी नसावी, उदबत्ती नसावी. अगदी रिकाम्या पोटी कोवळा शंग प्यायलात तर पोट कुरकुरेल. एका बैठकीला चार चहा पुरे. मधे तोंड साफ करायला साधे पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे.

पहिली फेरी: सारखा काढा

चहाची चव घेण्यासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळते पाणी, ६ मिनिटे. प्यायला हा चहा कडकच लागतो आणि ते मुद्दामच आहे. गुण-दोष दोन्ही वर यावेत, काही झाकले जाऊ नये. हलका थिएग्वानयिन आणि भाजलेला वूयी, ही पहिली जोडी. शंग आणि शू, ही दुसरी. नेहमी हलक्याकडून जडाकडे जा, शू सर्वांत शेवटी. तो आधी प्यायलात तर पुढचा चहा पाण्यासारखा लागेल.

काय पाहायचे? आधी तापवलेल्या कोरड्या भांड्यात पत्ती टाकून झाकण लावा, अर्ध्या मिनिटाने उघडून हुंगा. मग पाण्याचा रंग. मग घोट, आणि तो फुरका मारून. बशीतून फुरके मारत चहा पिणाऱ्या आजोबांना घरात हसत असत, पण चहा पारखणारे व्यावसायिकही तसेच करतात. द्रवाबरोबर हवा आत गेली की वास घशामागून नाकाकडे चढतो, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो.

कडू आणि तुरट यांची गल्लत करू नका. कडू ही चव आहे, कारल्याची. तुरटपणा हा स्पर्श आहे. कच्चे केळे खाल्ल्यावर तोंडाला बसते ती मिठी. चहातली द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडाचा ओलावा गेल्यासारखे वाटते. कोवळ्या शंगमध्ये दोन्ही भरपूर असते. पण घोट गिळून क्षणभर थांबा. घशाच्या बाजूने हळूच गोडवा परत येतो. चिनी लोक त्याला ‘हुएगान’ म्हणतात, परतून येणारी गोडी. आपल्याला ती नवी नाही. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर पाणी गोड लागते, तसलीच ही. शू चहात कडवटपणा थोडा, पण पाणी दाट, तोंडात लोळणारे, आणि वास पावसाळ्यातल्या लाकडाचा. ढिगाचा दमट वास नव्या शूला असतोच, ठेवला की तो कमी होतो. कुबट किंवा बुरशीचा वास मात्र वेगळा. वडीवर बुरशीची लव दिसली तर ती टाकून द्या.

पाकिटावर ऑर्किड आणि पीच लिहिलेले असते. ज्याने ऑर्किड हुंगले नाही त्याने ते शोधू नये. वहीत आपले शब्द लिहा: सोनचाफा, भाजलेले शेंगदाणे, काकवी, खारीक, ओले तागाचे पोते. पुढच्या वेळी तेच उपयोगी पडतील.

दुसरी फेरी: छोटे काढे

आता तोच चहा चिनी पद्धतीने करा. १०० मिलिलिटरचे गायवान, म्हणजे बशी आणि झाकण असलेला बिनकानाचा पेला, त्यात ५ ग्रॅम पत्ती. पूएर असेल तर वडीच्या कडेने बोथट टोचा घालून थर सोडवा, चुरा करू नका. उकळते पाणी घालून लगेच फेकून द्या, त्याने पत्ती जागी होते. मग पहिला काढा दहा सेकंदांचा, गोळीदार ऊलाँग असेल तर वीसचा, आणि पुढे दर वेळी पाच-दहा सेकंद वाढवत जा. पहिल्या फेरीत चहा एका वाक्यात बोलला होता, इथे तो गोष्ट सांगतो. थिएग्वानयिनचा वास दुसऱ्या-तिसऱ्या काढ्याला भरात येतो, वूयीचा भाजकेपणा ओसरून खालची गोडी वर येते, शू सात-आठ काढे निघूनही रंग सोडत राहतो. कोणत्या काढ्याला चहा दमला, ते लिहून ठेवा.

शेवटी पत्ती ताटात पाणी घालून पसरा. ऊलाँगची गोळी उलगडून अख्खे पान होते, आणि पानाची कड नीट पाहिली तर तांबूस रेघ दिसते. ती सुपात दुखावल्याची खूण. शंगचे पान ऑलिव्हच्या हिरव्या-पिवळ्या रंगाचे आणि लवचीक, शूचे काळपट, बोटांत चुरगळणारे. जे जिभेने सांगितले त्याचा पुरावा ताटात असतो.

आठ दिवसांनी तीच जोडी पुन्हा लावा. पेल्यांच्या तळाला ‘अ’, ‘ब’ चिकटवून घरातल्या कोणाकडून ते अदलाबदल करून घ्या आणि वही बंद ठेवून नव्याने लिहा. मग दोन्ही पाने शेजारी धरा. दोन्हीकडे आलेले शब्द चहाचे. एकाच पानावर आलेले त्या दिवसाचे, किंवा गाळणीचे.