न बोलणाऱ्या मुलाचें पोट

‘रडल्याशिवाय आईसुद्धां दूध पाजीत नाहीं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, मूल रडलें म्हणजे तें कशाकरितां रडतें हें आईला कळतें. आज मी ज्या मुलांविषयीं बोलणार आहें, त्यांच्या घरीं रडणें ऐकूं येतें, पण त्याचा अर्थ लागत नाहीं. आणि अर्थ चुकला म्हणजे उपायही चुकतो.

समजा, आपल्या सोलापुरांतील एका सुशिक्षित कुटुंबांत चार वर्षांचा मुलगा आहे. त्याला आपण बाळू म्हणूं. बाळू स्वमग्न आहे. स्वमग्नता, अर्थात् ऑटिझम, हा मेंदूच्या वाढींतील वेगळेपणा आहे. आईबापांच्या वागण्यानें तो येत नाहीं. बाळू दोनचार शब्दच बोलतो. ठरलेल्या क्रमांत बदल झाला कीं त्याचा जीव कासावीस होतो. तो खातो ते पदार्थ एका हाताच्या बोटांवर मोजतां येतात: भात, पोळी, दूध, केळें आणि एका ठराविक पुड्यांतील बिस्किटें.

कोणीं तरी आईला सांगितलें, ‘गहूं आणि दूध बंद करा, मुलगा बोलूं लागेल.’ कोणती आई अशी आशा सोडून देईल? तिनें दोन्ही बंद केलीं. उरला भात, केळें आणि बटाट्याचे वेफर. महिन्याभरानें बाळू रात्रीं किंचाळत उठूं लागला, डोकें भिंतीवर आपटूं लागला, आणि त्याच्या चड्डीला पातळ मळाचे डाग दिसूं लागले. स्वमग्नता वाढली आणि वर हगवणही लागली, असें घरांत निदान झालें. म्हणून केळेंही बंद झालें. बाळूचे हाल मात्र वाढतच गेले. हा बाळू मीं कल्पिलेला आहे. परंतु त्याच्या कहाणींतील प्रत्येक गोष्ट खऱ्या घरांतून घडत असते.

बाळूला हगवण झालीच नव्हती. त्याला नेमका उलट विकार होता, तो म्हणजे मलावरोध. मोठ्या आतड्याचें एक काम मळांतील पाणी शोषून घेण्याचें आहे. मळ तेथें जितका अधिक काळ राहील तितका तो कोरडा आणि कठीण होतो. असा खडा बाहेर पडतांना वेदना होतात, आणि एकदां वेदना झाल्या कीं मूल पुढच्या वेळीं शौच आवरून धरतें. तें पाय एकमेकांवर आवळतें, टाचा उंचावून उभें राहतें, कोपऱ्यांत जाऊन लपतें. आपल्याला वाटतें, मूल जोर करीत आहे. वस्तुतः तें मळ रोखून धरीत असतें. असें होतां होतां गुदाशय ताणून सैल पडतो आणि तो भरल्याची जाणीव बोथट होते. मग वरच्या भागांतील पातळ मळ त्या खड्याच्या बाजूनें मुलाच्या नकळत झिरपूं लागतो. चड्डीवरील डाग तो हाच. त्याला हगवण समजून खाणें आणखी कमी केलें, किंवा जुलाब थांबविण्याचें औषध दिलें, तर दार आधींच बंद असलेल्या खोलीला बाहेरून कडी घातल्यासारखें होतें.

खाण्याची आणि पोटाची तक्रार स्वमग्न मुलांत नवी नाहीं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ मुलांचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. त्यांतील सहा मुलांना अगदीं तान्हेपणापासून खाण्यापिण्याची मोठी अडचण होती, असें त्यांनीं नमूद केलें आहे. पुढें २०१४ सालीं अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. स्वमग्न मुलांत पोटाच्या तक्रारींची शक्यता इतर मुलांच्या सुमारें चौपट, आणि मलावरोधाची तिपटीहून अधिक, असें त्यांत आढळलें.

पण या आंकड्यांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. २०१० सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं एकत्र येऊन जो अभिप्राय दिला, त्याचा सारांश असा कीं, स्वमग्न मुलाच्या पोटदुखीची तपासणी इतर कोणत्याही मुलाच्या पोटदुखीइतक्याच काळजीनें झाली पाहिजे, आणि वागणुकींत अचानक झालेला बदल हें वेदनेचें चिन्ह असूं शकतें. ‘तीं मुलें असेंच करतात’ हें वाक्य म्हणूनच घातक आहे. जें मूल ‘पोट दुखतें’ असें म्हणूं शकत नाहीं, तें टेबलाच्या कडेवर पोट दाबतें, पालथें पडून राहतें, दांत खातें, घशांतून चमत्कारिक आवाज काढतें, जेवण होतांच रडूं लागतें किंवा स्वतःस मारून घेतें. हीच त्याची भाषा होय. असें वागणें एकाएकीं सुरू झालें, तर आधीं पोट, दांत आणि कान पाहावे. दोष स्वभावाला मागाहून द्यावा.

आतां उपायाकडे वळूं. मळाचे खडे सांचले असतील तर प्रथम ते निघाले पाहिजेत. त्यासाठीं बालरोगतज्ज्ञ पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज यांसारखें मळ मऊ करणारें औषध देतात. पोट एकदां साफ झालें म्हणजे औषध थांबविणें ही सर्वांत नेहमींची चूक आहे. ताणलेला गुदाशय पूर्ववत् होण्यास कित्येक महिने लागतात, तोंवर डॉक्टर सांगतील त्या मात्रेंत औषध चालू ठेवावें लागतें. घरच्या घरीं वरचेवर एरंडेल पाजणें किंवा बळेंच एनिमा देणें टाळावें. त्यानें मुलाच्या मनांत शौचाची भीति अधिकच बसते. मलावरोध जुना असेल तर नुसता कोंडा वाढवूनही भागत नाहीं. आधींच भरलेल्या पोटांत तो भर घालतो, आणि पाणी कमी पडल्यास घट्टपणा वाढतो. सोलापूरच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत तहान सांगूं न शकणाऱ्या मुलाला ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या भांड्यांतून पाणी देणें हाही औषधाचाच भाग समजावा.

जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. म्हणून दोन्ही जेवणांनंतर पांच ते दहा मिनिटें मुलाला शौचास बसवावें. उकिडवें बसण्याची आपली पद्धत यासाठीं उत्तम; कमोड असेल तर पायांखालीं पाट द्यावा, म्हणजे गुडघे वर येतात. शौच झालें नाहीं म्हणून रागावूं नये. बसल्याबद्दलच शाबासकी द्यावी. पाणी सोडण्याच्या आवाजानें मूल घाबरत असेल, तर तें बाहेर आल्यावर पाणी सोडावें.

यापुढचा प्रश्न पथ्याचा. गव्हांतील ग्लुटेन आणि दुधांतील केसिन हीं प्रथिनें वर्ज्य केल्यास स्वमग्नता कमी होते, असा प्रवाद जगभर आहे. त्याला भक्कम आधार मिळालेला नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगांत १४ मुलांना हें पथ्य देऊन, मग गहूं व दूध गुप्तपणें खाण्यांत मिसळून पाहिलें; वागणुकींत, झोपेंत किंवा शौचांत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. प्रयोग लहान होता हें खरें. कांहीं मुलांना गव्हाचा किंवा दुधाचा खराखुरा त्रास असतो, हेंही खरें. सीलिऍक नांवाच्या विकारांत ग्लुटेनमुळें लहान आतड्याचें अस्तर झिजतें, आणि तेथें गहूं जन्मभर सोडावा लागतो. परंतु हा विकार ओळखण्याची रक्ततपासणी मूल गहूं खात असतांनाच करावयास हवी. आधीं गहूं सोडून मग तपासणी केली, तर विकार असूनही तो नाहीं असें दिसूं शकतें. यासाठीं क्रम ध्यानांत ठेवा: आधीं तपासणी, मग पथ्य.

सीलिऍक खरोखरच निघाला, तर सोलापूरकर एका परीनें भाग्यवान् म्हणावे लागतील. ज्वारींत ग्लुटेन नसतें, आणि ज्वारीची भाकरी तर आपल्या ताटांतच आहे. मात्र ज्या गिरणींत आधीं गहूं दळला, तेथेंच पाठोपाठ दळलेलें ज्वारीचें पीठ अशा मुलास चालत नाहीं. बाजारांतील पुष्कळशा हिंगांतही गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. म्हणजे पथ्य पाळावयाचें तर फोडणीच्या डब्यापर्यंत पाहावें लागतें.

दूध बंद करण्याचा हिशेब याहून अवघड आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाकांठीं सुमारें ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. शंभर ग्रॅम गाईच्या दुधांत तें सुमारें १२० मिलिग्रॅम असतें, शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३६० आणि तेवढ्याच ज्वारींत ३० हूनही कमी. ज्वारी गव्हाची जागा घेईल, दुधाची घेणार नाहीं. नाचणी थोडीबहुत भरपाई करील. पण चिमुकलें मूल दिवसांत किती नाचणी खाणार? शिवाय शाकाहारी घरांत ब-१२ हें जीवनसत्त्व मुख्यतः दूधदुभत्यांतूनच मिळतें. तें तुटलें तर रक्त आणि मज्जातंतू दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून दूध बंद करावयाचेंच असेल, तर या दोहोंची तजवीज डॉक्टरांना विचारून त्याच दिवशीं करावी. दूध न पचणाऱ्या कांहीं मुलांना दहीं आणि ताक सोसतें, हेंही पाहण्यासारखें आहे. मात्र दुधाची ऍलर्जी असेल तर हा प्रयोग करूं नये.

ज्याचें पथ्य कोणीं घातलेलें नाहीं, पण ज्यानें स्वतःच आपलें खाणें आखडून घेतलें आहे, अशा मुलाचाही विचार याच नजरेनें करावा. फळें व भाजी यांना वर्षानुवर्षें स्पर्श न केल्यामुळें अशा मुलांना स्कर्व्ही झाल्याचीं उदाहरणें आजच्या काळांतही वैद्यकीय नियतकालिकांत आलेलीं आहेत. त्यांत मूल लंगडतें किंवा चालणेंच सोडतें, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो.

अशा मुलाचें खाणें वाढवावयाचें कसें? जबरदस्तीनें तर नव्हेच. मूल जें खातें त्याचा रंग, स्पर्श, आवाज नीट पाहावा आणि त्याच्या शेजारचा पदार्थ शोधावा. ज्याला बिस्किटाचा कुरकुरीतपणा आवडतो, त्याच्यासाठीं सोलापूरची कडक भाकरी ही जवळची पायरी आहे. ती पातळ, कोरडी आणि दरवेळीं सारखीच लागते. पण ती कोरडी असल्यामुळें बरोबर पाणी हवेंच. शेंगदाण्याची ऍलर्जी नसेल तर तिखट न घातलेली शेंगाचटणी तिला लावतां येईल. अख्खे दाणे मात्र लहान मुलास देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकतात. डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचेंच फळ. पहिल्या दिवशीं त्याचे चारच दाणे ताटाच्या कडेला ठेवावे आणि कांहीं बोलूं नये. कांहीं दिवसांनीं मूल त्यांना बोट लावील, मग हुंगील, मग कदाचित् जिभेला लावील. एक पदार्थ स्वीकारला जाण्यास पंधरावीस वेळां तो समोर यावा लागतो. आणि नवा पदार्थ आणतांना जुना, विश्वासाचा पदार्थ ताटांतून काढूं नये.

एक वही करावी. तींत रोज चार गोष्टी लिहाव्या: काय खाल्लें, पाणी किती प्यालें, शौच केव्हां व कसें झालें, झोप आणि वागणूक कशी होती. महिन्याला वजन टिपावें. एका वेळीं एकच बदल करावा, नाहींतर गुण कशाचा आणि दोष कशाचा हें कळत नाहीं. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जावें. न बोलणाऱ्या मुलाची बाजू ती मांडते. आपल्या शहरांत छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयांत बालरोग विभाग आहे. तसेंच २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं मुलांच्या वाढींतील विलंबाची तपासणी केली जाते. मळांत रक्त, हिरवी उलटी, टणक फुगलेलें पोट, उतरणारें वजन, पाणीही नाकारणें, यांपैकीं एकही गोष्ट दिसली तर वहीची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

आपल्या बाळूचें पुढें काय होईल? त्याचा कोठा मोकळा झाला, रात्रीची झोप परत आली, म्हणून तो लगेच बोलूं लागेल असें मी सांगणार नाहीं. त्याची स्वमग्नता राहील. पण वेदना जाईल. आणि वेदना गेलेलें मूल शिकावयास, खेळावयास, कदाचित् आईच्या मांडीवर दोन घटका बसावयास मोकळें होतें. आरंभींची म्हण आईला उद्देशून थोडी बदलून सांगावीशी वाटते: मुलानें शब्दांनीं मागावें म्हणून थांबूं नका. त्याचें अंग काय सांगतें तें ऐका.