ठेवणीतले कपडे : साठीनंतरचे

निकाहची पत्रिका घरात आली की सर्वात आधी कपड्यांचा विषय निघतो. मुलींचे शरारे, मुलांच्या शेरवान्या, सुनेचा नवा सूट अशी यादी होते. दादी-नानीला विचारले तर उत्तर ठरलेले असते, "मला काय करायचे नवे? आहे ते चालेल." मग पेटी उघडते. ब्लाउज दंडात अडकतो, कुर्ता पोटावर ताणतो, जरीच्या साडीचे ओझे दोन तासही पेलवत नाही. आणि निघायच्या दिवशी नेमके गुडघे दुखू लागतात. "तुम्ही जाऊन या," असे म्हणून त्या घरीच राहतात. दादा-नानांचेही फारसे वेगळे नसते. त्यांची शेरवानी वीस वर्षांपूर्वीच्या छातीच्या मापाची असते.

गुडघे खरोखर दुखत असतीलही. पण पुष्कळदा अडचण गुडघ्यांची नसते, कपड्यांची असते. त्यापायी नातलगांची गाठभेट चुकते. अकीका, निकाह, वलीमा, दोन्ही ईद, हजला निघालेल्यांची दावत हे तर या वयात माणसे भेटण्याचे प्रसंग. त्यांच्यासाठी कपाट भरून कपडे लागत नाहीत. आजच्या अंगाला बसणारे, एकमेकांशी जुळणारे चार-पाच कपडे पुरतात.

आधी पेटी रिकामी करा

एका दुपारी ठेवणीतले सगळे कपडे बाहेर काढा. नुसते बघू नका, प्रत्येक कपडा अंगात घाला. खुर्चीवर बसा, उठा, दोन्ही हात वर करा. वुजूसाठी बाही कोपराच्या वर सरकते का आणि रुकू-सजद्यात पाठीवर कापड ताणते का, हेही पाहा. मग तीन ढीग करा. जसेच्या तसे चालणारे, शिंप्याकडे न्यायचे आणि दुसऱ्या कोणाला द्यायचे. पहिला ढीग बहुधा सर्वात लहान निघतो. त्याने नाराज होऊ नका. दुसऱ्या ढिगातच खरा माल असतो.

शिवणीतली माया

जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाउजात आणि कुर्त्यात आतल्या बाजूला माया सोडलेली असते. ती उसवून कपडा सैल करता येतो. माया नसेल तर काखेखाली त्याच रंगाची पट्टी घालून घ्यावी, दुपट्ट्याखाली ती कोणाला दिसत नाही.

वय वाढते तशी उंची थोडी कमी होते, पाठीला बाक येतो. मग कुर्ता मागून उचलला जातो आणि पुढून लोंबतो. म्हणून शिंप्याला पुढची आणि मागची लांबी वेगवेगळी घ्यायला सांगा. माप देताना नेहमी उभे राहता तसेच उभे राहा आणि समारंभात घालायच्या चपला पायात असू द्या. सलवार किंवा परकर जमिनीला टेकला तर पायात अडकून पडण्याची भीती असते.

खांदा आखडला असेल तर मागचे हुक लावणे अवघड जाते. ब्लाउज पुढून उघडणारा शिवून घ्या. बोटे दुखत असतील तर काजांऐवजी टिचबटणे लावा, नाड्याऐवजी रुंद इलॅस्टिक घाला. दिसण्यात फरक पडत नाही, पण कोणाच्या मदतीवाचून तयार होता येते. आणि ज्याला स्वतःहून तयार होता येते, तो जायला कुरकुर करत नाही.

मोजके, पण जुळणारे

बायकांसाठी एका गडद रंगाचा, बिनभरतकामाचा चांगल्या कापडाचा सूट शिवावा. त्यावर दोन दुपट्टे ठेवावेत, एक जरीकाठाचा वलीम्यासाठी आणि एक साधा, अकीका किंवा घरगुती दावतीसाठी. साडी नेसणाऱ्यांनी एक हलकी सुती-रेशमी साडी ठेवावी. कोकणात मे महिन्यातल्या निकाहला घामाने जीव नकोसा होतो, तिथे पॉलिस्टरपेक्षा हीच सुखाची. जोडीला एक शाल असली की हिवाळ्याचाही प्रश्न मिटतो. बुरखा वापरणाऱ्यांनी समारंभासाठी एक नीट बेतलेला वेगळा बुरखा ठेवावा. येता-जाता लोकांना दिसतो तो तोच. आतले भरतकाम मात्र जाड नको, ते टोचते आणि चुरगळते.

पुरुषांसाठी दोन पांढरे किंवा मोतिया कुर्ता-पायजमे आणि एक गडद सदरी एवढे पुष्कळ झाले. सदरी चढवली की निकाहला चालते, उतरवली की ईदची भेट होते. शेरवानीचा हट्ट नवरदेवाला शोभतो.

पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य, म्हणून आपल्या विणकरांनी त्यावर तोड काढली. मशरूच्या कापडात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. वर रेशमाची चमक दिसते, अंगाला सूत लागते. मशरू या नावाचा अर्थच शरीअतीला मान्य असलेले. आज ते गुजरातेत पाटण आणि कच्छकडे विणले जाते. औरंगाबादचा हिमरूही सुती-रेशमीच. १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर ही कला इकडे आली असे सांगतात. हिमरूची एक शाल साध्या कुर्त्यावर घेतली तरी पेहराव भारदस्त दिसतो.

रंगाची मनाई कोणाची?

पती वारल्यानंतर काही घरांत बाईला जन्मभर फिक्या कपड्यांत ठेवतात. इद्दत चार महिने दहा दिवसांची आहे. ती संपल्यावर रंगीत कपड्याला मनाई राहत नाही. पुढे जी राहते ती रिवाजाची आणि लोकांच्या नजरेची. तिला स्वतःला पांढरेच आवडत असेल तर गोष्ट वेगळी. पण तिला कोणी विचारलेले असते का? मुलीने किंवा सुनेने दुकानात बरोबर नेऊन दोन रंग समोर धरावेत आणि निवड तिच्यावर सोडावी.

खर्च आणि निगा

सहा हजारांचा जड सूट एकदाच घातला तर त्या एका दिवसाची किंमत सहा हजार पडते. अडीच हजारांचा साधा सूट दहा प्रसंगांना घातला तर एका वेळचे अडीचशेच होतात. इसराफ टाळायचा तर असा हिशेब मांडावा. वर्षाला एकच कपडा घेतला तरी तीन वर्षांत जोड पूर्ण होते.

जरीचे कपडे मलमलच्या फडक्यात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका आणि अत्तर कपड्यावर न लावता अंगाला लावा, नाहीतर जर काळी पडते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला. एकाच घडीवर रेशीम चिरते. जी जड साडी आता पेलवत नाही, तिचे काठ काढून नव्या दुपट्ट्याला लावता येतात. किंवा नातीला द्या, आणि ती कोणत्या निकाहात नेसली होती हेही तिला सांगा.

चपला सपाट, मागे पट्टा असलेल्या आणि न घसरणाऱ्या तळव्याच्या घ्या. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर त्याच सांभाळतात.

ही सगळी तयारी पत्रिका येण्याआधीची आहे. लग्नसराईत शिंप्याला फुरसत नसते आणि घाईत घेतलेला कपडा पुन्हा पेटीतच जातो. एक जोड इस्त्री करून, दुपट्ट्यासह एकाच हँगरवर लटकवून ठेवा. पुढची पत्रिका येईल तेव्हा घरातल्यांनी मुलांच्या आधी दादी-नानीला विचारावे, "तुम्ही काय घालणार?" त्यांचे उत्तर तयार असेल.