तीन दिव्यांच्या शिस्तीतले भाषण

टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या वक्तृत्वाचा सराव घडवणाऱ्या संस्थेचा अधिकृत इतिहास मोजक्या वाक्यांत मावतो. अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे वायएमसीए या युवक संघटनेत काम करताना राल्फ स्मेडली यांना तेथील तरुणांना सभेत उभे राहून बोलण्याचा सराव हवा असल्याचे जाणवले, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी तसे एक मंडळ काढले. आजच्या संस्थेचा आरंभ मात्र २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे भरलेल्या सभेपासून मानला जातो. स्त्रियांना सदस्यत्व मिळण्यास १९७३ साल उजाडले. या मंडळांत शिक्षक नसतो, ही त्यांच्या रचनेतील सर्वांत धाडसी गोष्ट होय. शिक्षकाचे काम सदस्य आळीपाळीने वाटून घेतात. एक जण व्याकरणाकडे लक्ष देतो, दुसरा ‘आह काउंटर’ म्हणून ‘अं’, ‘म्हणजे’ असे पोकळ उच्चार मोजतो, आणि तिसरा वेळ राखतो.

या वेळ राखणाऱ्यापाशी हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन खुणा असतात. दिवे नसतील तेथे रंगीत कार्डे चालतात. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवी, सहाव्याला पिवळी आणि सातव्याला लाल खूण दिसते, आणि स्पर्धेत साडेसात मिनिटांच्या पुढे गेलेला वक्ता, बोलणे कितीही सरस असले तरी, बाद होतो. एवढ्या साध्या यंत्रणेने भाषणाची सारी तयारी बदलते, हे तिचे खरे मोल आहे. ‘आइसब्रेकर’ म्हणजे चार ते सहा मिनिटांत स्वतःची ओळख करून देणारे पहिले भाषण. त्यासाठी नवा सदस्य बहुधा जन्मगावापासून नोकरीपर्यंतचे सगळे लिहून आणतो आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचू लागला की निम्मेही मावत नाही, हे त्याला उमगते. मग एकच धागा राखून बाकीचे गाळावे लागते. त्यातही घरचा हिशेब सभेत टिकत नाही, कारण धडधडत्या छातीने बोलणारा वेग वाढवतो, तर श्रोते हसले की वेळ लांबते. म्हणून जाणता वक्ता शेवट पक्का पाठ ठेवतो आणि मधला एखादा प्रसंग असा बांधतो की पिवळी खूण दिसताच तो सांधा न दिसता वगळता यावा. विचारांची उतरंड मनाशी स्पष्ट असल्याशिवाय हे साधत नाही.

भाषणानंतर त्याच सभेत एक सदस्य दोन-तीन मिनिटांत त्याचे जाहीर मूल्यमापन करतो, आणि येथूनच अडचणी सुरू होतात. मूल्यमापन करणारा स्वतः शिकाऊ असतो. शिवाय आजचा वक्ता उद्या त्याच्याच भाषणाचे मूल्यमापन करणार असतो, त्यामुळे एक सूचना दोन स्तुतींच्या मध्ये ठेवण्याचा सौजन्यपूर्ण प्रघात कधीकधी सूचनेलाच गिळून टाकतो. हातवारे, नजर, विराम हे चटकन दिसते. मुद्दा खरा होता का, पुरावा पुरेसा होता का, हे विचारायला विषयाची जाण लागते, आणि म्हणून ते बहुधा राहून जाते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही उणीव अधिक बोचेल, कारण तेथे वक्ता जे सांगणार असतो त्यासाठी श्रोता येतो. मंडळाचा हेतू वेगळा आहे हे मान्य केले तरी, सुबक बोलणे आणि सांगण्याजोगे काही असणे यांतील अंतर सदस्यांना जाणवत राहावे, एवढी अपेक्षा रास्त ठरते.

भाषेची अडचण याहून खोल आहे. पुण्या-मुंबईतील अनेक मंडळांत इंग्रजीत बोलले जाते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या सदस्याचा ‘अं’ पुष्कळदा सवयीचा नसून परक्या भाषेत शब्द शोधण्याचा असतो. मोजणाऱ्याच्या कागदावर मात्र दोन्हींची खूण एकच पडते. अशा सदस्याला आकडा सांगून सोडण्यापेक्षा तो नेमका कोणत्या शब्दापाशी थांबला हे टिपून देणे अधिक उपयोगाचे आहे, आणि त्यासाठी त्याने आपली अडचण मूल्यमापकाला भाषणापूर्वीच सांगून ठेवायला हवी.